बावटा बंदरात, खलाशी समुद्रात

५ डिसेंबर २०१७. महापरिनिर्वाण दिनाची पूर्वसंध्या. चैत्यभूमीकडे निघालेला भीमसागर दादरला उतरला आणि ऐन डिसेंबरात मुंबईत पाऊस कोसळला. शिवाजी पार्कचा चिखल झाला. गावागावांतून आलेल्या माणसांसाठी महापालिकेने जवळपासच्या शाळा उघडल्या. आपले बिछाने भिजले, पण डोक्यावर छप्पर मिळाले. पाऊस येणार ही खबर आधी पोचली होती, म्हणून हे शक्य झाले.

तो पाऊस 'ओखी' चक्रीवादळाचा होता. मुंबईला भिजवण्याआधी त्याने काय केले होते, याचा हिशेब मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी मांडला असेल. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीजवळच्या समुद्रात त्याने चक्रीवादळाचे रूप घेतले. समुद्रात जाऊ नका, असा इशारा त्याच्या आदल्या दिवशी निघाला होता. पण जे कित्येक दिवस आधीच निघून गेले होते, त्यांचे काय? केरळ आणि तामिळनाडूचे तीनशेहून अधिक मच्छीमार मेले किंवा बेपत्ता झाले. काही बोटी वाचल्या. त्यांतल्या ६८ बोटी आणि साडेनऊशेच्या आसपास मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गातल्या देवगड बंदरात आसऱ्याला आले.

इशारा दिला होता, असे शासन म्हणते. दिला होता हे खरे. पण कोणाला? बंदरात धोक्याचा बावटा लागतो, तो किनाऱ्यावरच्या माणसाला दिसतो. मोबाईल किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर मुका होतो. बोटीवरचा व्हीएचएफ संच साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच चालतो, म्हणजे फार तर काही सागरी मैल. खोल समुद्रातले मच्छीमार शेकडो मैल आत असतात आणि आठवडेच्या आठवडे परतत नाहीत. जो सर्वांत दूर आणि सर्वांत मोठ्या धोक्यात, त्याच्याच कानावर खबर नाही, अशी ही व्यवस्था आहे.

यावर उपाय नव्हता असे नाही. तो नवाही नाही. ३ ते ३० मेगाहर्ट्झची उच्च वारंवारिता, जिला आपण रेडिओची लघुलहर म्हणून ओळखतो, ती सरळ रेषेत जाऊन संपत नाही. ती वर आयनांबरापर्यंत जाते आणि तिथून वळून शेकडो, हजारो किलोमीटरवर खाली उतरते. मध्ये टॉवर लागत नाही, महिन्याचे बिल लागत नाही. एचएफवरून बोलायचे तर महाग संच, मोठी अँटेना आणि परवाना हवा. ऐकायला मात्र लघुलहरीचा साधा रेडिओ, चार सेल आणि डोलकाठीला बांधलेली तार पुरते. खरखर असते, दिवसा एक वारंवारिता चालते तर रात्री दुसरी. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी काटा लावला की वाऱ्याचा वेग आणि वादळाची दिशा कळू शकते. अमेरिकेचे तटरक्षक दल अशाच लहरींवरून हवामानाचे अंदाज आणि नकाशेसुद्धा दशकानुदशके पाठवत आले आहे.

आपल्याकडे काय झाले? गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची लघुलहरी प्रक्षेपणे एकामागून एक बंद पडली. आता लघुलहर कोण ऐकतो, असे सांगितले जाते. शहरात कोणी ऐकत नसेल. पण जिथे दुसरे काहीच पोचत नाही, तिथल्या माणसाला कोणी विचारले? आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना सुरक्षा-संदेशाची यंत्रणा बंधनकारक आहे. मालवाहू जहाजांसाठी जगाने कायदा केला. मासे पकडणाऱ्या माणसाला त्यातून वगळले.

ओखीनंतर शासन हलले, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारा घेणारे 'जेमिनी' यंत्र आले. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. त्याचे स्वागतच करू. पण जीव एकाच यंत्राच्या भरवशावर टाकू नये, हे कोणताही तांडेल सांगेल. बोटीला दोन कान हवेत. एक उपग्रहाचा, दुसरा साध्या रेडिओचा.

आणि केवळ ऐकू येणे पुरेसे नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची खबर सर्वांना होती. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला. तो बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. तिथे रेडिओ कमी पडला नाही. 'आता परत चला' असे म्हणण्याचा अधिकार कामगाराला नव्हता. आपल्या कोकणातल्या बोटींवरचा नेपाळी आणि कर्नाटकी खलाशीही त्याच रांगेत उभा आहे. बोट मालकाची, डिझेल मालकाचे, फेरी फुकट गेली तर तोटाही मालकाचा. जीव मात्र खलाशाचा.

म्हणून मागण्या तीन आहेत. लघुलहरीवरून दिवसातून ठरलेल्या वेळी सागरी हवामानाचे बातमीपत्र मराठी, मल्याळम, तमिळ, गुजराती, कन्नड आणि नेपाळीत द्या. प्रत्येक बोटीवर ते ऐकणारा रेडिओ सक्तीचा करा आणि तो शासनाने पुरवा. इशारा मिळताच बोट परत वळवणाऱ्या तांडेल-खलाशाची मजुरी कापली जाणार नाही, असा कायदा करा.

हवामानाचा अंदाज जनतेच्या पैशावर तयार होतो. तो जनतेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे हा उपकार नाही. त्या रात्री आपल्याला शाळेचे छप्पर मिळाले. समुद्रातल्या माणसाचे छप्पर म्हणजे वेळेवर मिळालेली खबर. त्याच्या छपरासाठी आवाज उठवणे हे आपलेही काम आहे.