दोन तारांवरचं विमान

आमच्या हापिसात हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी ड्रोन. त्यात मी कंट्रोल लाइनचा विषय काढला की "अरे, ते दोरीला बांधलेलं खेळणं ना?" म्हणून हशा. हसू द्या बापडे. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या संगणकवाल्यांनी ड्रोनच्या आधी हेच उडवावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमानापासून दोन बारीक पोलादी तारा निघतात, त्या आपल्या हातातल्या हँडलला जोडलेल्या. हँडल तिरपं केलं की एक तार ओढली जाते, विमानातला बेलक्रँक फिरतो आणि पुशरॉड शेपटीवरचा एलेव्हेटर वर किंवा खाली करतो. बस्स! विमान आपल्याभोवती गोल फिरतं, आपणही त्याच्याबरोबर. अमेरिकेत पोर्टलंडच्या जिम वॉकरने १९४० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना ती माहीत असते.

आता यातली खरी मेख. तार ताणलेली असेल तरच विमान तुमचं. १ किलोचं विमान २० मीटर तारेवर ५ सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर हाताला साधारण ३ किलोची ओढ लागते. (गणित करून बघा, बारावीचंच आहे.) पण विमान डोक्यावर आलं की गुरुत्वाकर्षण त्यातलं १ किलो खाऊन टाकतं. वारा चुकीचा असला तर तार ढिली, आणि तार ढिली म्हणजे खेळ खलास. म्हणूनच बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं वजन घालतात, इंजिनचं तोंडही जरा बाहेर वळवतात.

इथे अनडू नाही. त्यामुळे उडवण्याआधी सगळं तपासायचं: तारेला मोड पडलाय का, हँडल सरळ असताना एलेव्हेटर सरळ आहे का, 'वर' म्हणजे खरंच वर जातोय का, तारा जोरात ओढून टिकतात का. आणि जवळपास विजेच्या तारा असतील तर सरळ घरी जायचं, त्यात तडजोड नाही. नवशिक्याने मनगट वापरू नये, अख्खा हात खांद्यातून हलवावा. मेथॅनॉलवरचं साधं इंजिन एकदा सुटलं की टाकी संपेपर्यंत तुमची सुटका नाही. विजेच्या मोटरला निदान टायमर लावता येतो.

ड्रोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात आपण फक्त इच्छा कळवतो, तोल सांभाळतं ते सॉफ्टवेअर. आणि ते सांभाळतंय तोवर आपल्याला काय येत नाही हे कळतच नाही. हे तर आपलं रोजचं दुखणं आहे राव! लायब्ररीवर लायब्ररी चढवतो, आणि तळाशी काय चाललंय ते सिस्टिम बसल्यावर शोधतो. कंट्रोल लाइनमध्ये मधे कोणी नाही. जे घडतंय ते त्याच क्षणी हाताला कळतं, आणि सुधारायचंही त्याच हाताने.

ते एकदा हाताला कळू द्या, मग खुशाल ड्रोन घ्या. :)