कारवीची बहीण

मे महिन्यात चेन्नईच्या चिकट उकाड्यातून रात्रीची नीलगिरी एक्स्प्रेस गाठायची, सकाळी मेट्टुपाळयमला उतरायचं आणि दातेरी रुळावरून चढणाऱ्या छोट्या गाडीत बसायचं, हे इथल्या मराठी घरांनाही सवयीचं आहे. पण बहुतेक जण उटीच्या तळ्याशीच थांबतात. पुढे मुकुर्तीकडे दोन हजार मीटरांहून उंच गवताळ पठार पसरलं आहे, त्याच्या घळींत ‘शोला’ म्हणतात ती बुटकी, दाट रानं. पावसाचं पाणी ही रानं आणि गवत मुरवून ठेवतात, झऱ्यांतून सावकाश सोडतात. तोडा आदिवासींच्या म्हशी याच गवतावर पोसल्या. इथली कुरिंजी १२ वर्षांनी फुलते. सह्याद्रीतली आपली ७ वर्षांची कारवी तिची बहीणच!

इंग्रजांना मात्र हे गवत म्हणजे पडीक जमीन वाटली. त्यांनी वॅटल नावाचं झाड लावलं, आणि आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते ऑस्ट्रेलियाचं झाडही. कास पठाराच्या कातळाला ‘ओसाड’ म्हणणारे आपल्यातही होतेच.

आता पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, मे २०२४ पासून बाहेरून उटीला जाणाऱ्या वाहनांना ई-पास लागतो. अनेकांना तो जाच वाटतो; मला तो फार उशिरा आला असं वाटतं. या अंकातला पठारावरचा लेख वाचा, मगच सुट्टीचे बेत करा.