सट्ट्याचा भाव आणि मतदारांचा कौल

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सहाव्या मतदारसंघात २०१७ मध्ये झालेली प्रतिनिधिगृहाची पोटनिवडणूक पाच कोटी डॉलरहून अधिक खर्चामुळे गाजली. पहिल्या फेरीत ४८ टक्के मते मिळवणारे डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ २० जूनच्या अंतिम फेरीत रिपब्लिकन कॅरेन हँडल यांच्याकडून नऊ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. या लढतीवर ‘प्रेडिक्टइट’ या बाजारात सट्टाही रंगला होता.

तेथे उमेदवाराच्या विजयाचा ‘शेअर’ घेता येतो. उमेदवार जिंकला तर एक डॉलर, हरला तर शून्य. भाव ६० सेंट असल्यास विजयाची शक्यता ६० टक्के, असा त्याचा अर्थ. ६० टक्के मते मिळतील, असा नव्हे. हा फरक अनेकदा विसरला जातो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जनमत चाचण्यांचा पूर येतो. एकेका मतदारसंघात त्या मोजक्याच होतात आणि सट्टा लावणारेही त्याच वाचतात. त्यामुळे भाव हा स्वतंत्र पुरावा कमी, चाचण्यांचा प्रतिध्वनीच अधिक. मतमोजणीच्या रात्री त्याचा उपयोग होतो, कारण नवा आकडा येताच तो हलतो.

‘प्रेडिक्टइट’वर तेव्हा एका व्यवहारात माणशी ८५० डॉलरचीच मर्यादा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ‘कॅल्शी’ला निवडणुकीवरील व्यवहारांची वाट मोकळी करून दिली आणि तेथे कितीतरी मोठ्या रकमा लागू लागल्या. लहान मतदारसंघात एखाद्या धनिकाने भाव चढवला, तरी ती खरेदी कोणी केली हे भावाच्या आलेखावर दिसत नाही.