दत्तविधान आणि लळा

“लहान लेकरूं आहे, आठ दिवसांत सारें विसरून जाईल.” हें वाक्य आपल्या समाजांत इतकें सर्रास ऐकूं येतें, आणि तें उच्चारणाऱ्याच्या मनांत इतका सद्भाव असतो, कीं त्याची चौकशी करावी असें कोणास सुचतच नाहीं. आम्हांसहि सुचलें नव्हतें. किंबहुना गेल्या वर्षीं कन्नड येथील एका समारंभांत तें आम्हींच उच्चारलें, आणि त्याचा पश्चात्ताप झाल्यामुळेंच हा लेख लिहीत आहों. ज्या मताचें खंडन करावयाचें तें काल-परवांपर्यंत आपलेंच होतें, ही गोष्ट वादांत पडणाऱ्यास तितकीशी भूषणावह नाहीं. पण ती लपवून ठेवणें त्याहूनहि कमी भूषणावह आहे.

प्रसंग असा. आमचा एक जुना विद्यार्थी व त्याची पत्नी नोकरीनिमित्त जर्मनींत असतात. त्यांनीं मराठवाड्यांतील एका संस्थेंतून दोन वर्षांची मुलगी रीतसर दत्तक घेतली. मुलगी हातीं आल्यापासून विमानांत बसेपर्यंत मध्यें थोडे दिवस होते. आजी-आजोबांचा आग्रह, कीं नात एकदां कन्नडला आणलीच पाहिजे. ती आणली. मांडव पडला, बारसें झालें, नवें नांव ठेविलें, साठ-सत्तर पानें उठलीं. मुलगी या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. ती एकदांहि रडली नाहीं, आणि सर्वांनीं तिच्या शांत स्वभावाची वाखाणणी केली. आमच्याहि मांडीवर ती पांच मिनिटें बसली. “सर, तिकडे हिला परकें वाटेल का हो?” असें तिच्या नव्या आईनें विचारलें, तेव्हां वरील वाक्य मोठ्या अधिकारवाणीनें उच्चारून आम्ही मोकळे झालों.

पुढें त्या विद्यार्थ्याचें लांबलचक पत्र आलें. मुलगी विमानांतहि रडली नव्हती. तेथील बिऱ्हाडीं पोहोंचल्यावर तिसऱ्या रात्रीं मात्र ती उठली, आपले बूट हातांत घेऊन दाराशीं जाऊन उभी राहिली आणि “भुर्र, भुर्र” म्हणूं लागली. बापानें उचलूं पाहतांच तिनें अंग ताठ केलें. आईनें जवळ घेतां तिनें तोंड फिरविलें. हें पुढें कित्येक रात्रीं चाललें. ज्याच्या घरीं मूल वाढलें आहे त्यास ‘भुर्र’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. भुर्र जाणें म्हणजे बाहेर फिरावयास जाणें, आणि दिवेलागणीस परत घरीं येणें हें त्यांतच गृहीत आहे. संस्थेच्या दारांतून निघाल्यापासून ती मुलगी एका न संपणाऱ्या भुर्रवर होती. आतां आपणांस परत न्यावें, एवढेंच तिचें मागणें होतें. आठ दिवस केव्हांच उलटून गेले होते. ती कांहींएक विसरली नव्हती.

ही चूक एका कुटुंबाची असती तर तींत लेख लिहिण्याजोगें कांहीं नव्हतें. परंतु तिचें मूळ आमच्या दत्तकविषयक कल्पनेंतच आहे. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. देणारा कोण, घेणारा कोण, देण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नांचा खल आमच्या शास्त्रकारांनीं जितका केला तितका क्वचितच कोणी केला असेल. दत्तकमीमांसाकार नंदपंडितांनीं पांच वर्षांवरील मुलाविषयीं कालिकापुराणाच्या नांवावरील वचनाचा ऊहापोह केला. व्यवहारमयूखकार नीलकंठभट्टांनीं, ज्यांचें घराणें मूळचें आमच्याच जिल्ह्यांतील पैठणचें, विवाहित व पुत्रवान् पुरुषहि दत्तक होऊं शकतो येथपर्यंत मजल मारली. मुलाच्या वयाचा विचार झाला खरा. पण तो संस्कार कोणत्या गोत्रांत व्हावे यासाठीं. मूल रात्रीं झोंपेल कीं नाहीं यासाठीं तो झाला नाहीं. इंग्रजी अमदानींत हेच वाद न्यायासनापुढें गेले, आणि वतन कोणाकडे जावें याचा निकाल होत राहिला. १९५६ च्या कायद्यानें दत्तहोम अनिवार्य नाहीं असें ठरविलें, मुलीसहि दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, ही मोठीच सुधारणा झाली. तथापि प्रत्यक्ष देणें व घेणें हाच विधीचा गाभा राहिला. अलीकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानें अनाथ व सोडून दिलेल्या मुलांचें दत्तविधान एका केंद्रीय व्यवस्थेखालीं आणलें, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें दत्तकाचा हुकूम देण्याचें काम न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आलें. होम गेला, हुकूम आला. मंत्र गेले, दाखले आले. पण एका क्षणीं मूल ‘याचें’ होतें तें दुसऱ्या क्षणीं ‘त्याचें’ झालें, ही कल्पना मात्र जशीच्या तशी राहिली.

कायद्यापुरती ती बरोबरच आहे, कारण मालकी-वारसाचे प्रश्न तारखेवांचून सुटत नाहींत. आमचा आक्षेप कायद्यावर नाहीं. कायद्याची तारीख हीच मायेचीहि तारीख असें मानणाऱ्यांवर आहे. आमची मराठी भाषा या बाबतींत आमच्यापेक्षां शहाणी आहे. दत्तक ‘घेतां’ येतें, पण लळा ‘लावावा’ लागतो आणि तो ‘लागावा’ लागतो. त्यांत मुलाचाहि अर्धा वांटा असतो. आईबाप मुलास दत्तक घेतात तो एक दिवस. मूल आईबापांस दत्तक घेतें त्यास महिने लागतात, आणि तेथें कोणाचाहि हुकूम चालत नाहीं.

हें आमच्या पुराणेतिहासास ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. महाभारताच्या उद्योगपर्वांत कृष्ण कर्णास त्याचें खरें कुल सांगतो व राज्याचा लोभ दाखवितो. कर्ण उत्तर देतो त्यांत, राधेस आपल्याविषयीं पान्हा फुटला आणि तिनें आपलें मलमूत्र काढलें, हा मुद्दा तो पुढें करतो. जन्माच्या पुराव्याविरुद्ध त्यानें दाखल केलेला पुरावा हा आहे, आणि याहून बळकट पुरावा आम्हांस तरी माहीत नाहीं. झांशीचें उदाहरण तर कालचेंच. १८५३ च्या नोव्हेंबरांत गंगाधररावांनीं मृत्यूच्या आदल्या दिवशीं पांच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेतलें. तें दत्तविधान मंजूर कीं नामंजूर यावरून संस्थान गेलें, आणि त्या कागदांवर आजवर ग्रंथ लिहिले जात आहेत. पण गांवोगांवच्या चौकांत राणीचा जो पुतळा उभा असतो त्यांत दत्तकपत्र नाहीं. पाठीशीं बांधलेलें मूल आहे. शास्त्र्यांस आणि साहेबांस जें दिसलें नाहीं तें मूर्तिकारास दिसलें.

“हें सारें भावनेचें झालें, दोन वर्षांच्या मुलास खरोखर काय कळतें?” असें कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रयोगानें मिळालेलें आहे. लंडनमध्यें जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं एक बोलपट प्रसिद्ध केला. लॉरा नांवाची सुमारें अडीच वर्षांची मुलगी किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत आठ दिवस राहते, एवढेंच त्याचें कथानक. योगायोग पाहा: आमच्या वाक्यांतलेहि दिवस आठच! लॉरा फारशी रडत नाहीं. ती शहाण्यासारखी वागते. परंतु चेहरा मिटलेला, ओठ आवळलेले, आणि अखेरीस आई न्यावयास येते तेव्हां ती आईचा हात धरीत नाहीं. रॉबर्टसन यांनीं आईपासून तुटलेल्या मुलांच्या तीन अवस्था सांगितल्या: पहिली आकांताची, दुसरी निराशेची, तिसरी अलिप्ततेची. पहिली ओळखावयास कोणासहि येते. दुसरीस आपण ‘आतां रुळलें’ म्हणतों, आणि तिसरीस ‘किती गुणी मूल!’ याच काळांत जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेला, १९५१ सालीं प्रसिद्ध झालेला अहवाल हेंच सांगत होता, कीं एका स्थिर माणसाची सलग माया ही बालकास अन्नाइतकीच आवश्यक आहे. आतां कन्नडच्या मांडवांतील ती न रडणारी मुलगी आठवावी. साठ-सत्तर माणसांनीं जिच्या शांतपणाची स्तुति केली ती शांत नव्हती. तिनें आशा सोडली होती.

येथें एका विरुद्ध टोंकाच्या मताचाहि समाचार घेतला पाहिजे. “म्हणूनच मुलें परदेशीं देऊं नयेत,” असें कांहीं देशाभिमानी गृहस्थ म्हणतात. मुलांच्या नांवावर व्यापार होऊं शकतो ही त्यांची धास्ती पोकळ नाहीं. तिच्यामुळेंच लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं परदेशीं जाणाऱ्या दत्तकांसाठीं नियम घालून दिले, आणि १९९३ चा हेगचा करार भारतानें २००३ सालीं स्वीकारला. परंतु पहारा बसविणें निराळें आणि दार बंद करणें निराळें. पुण्यास १९७९ सालीं जन्मलेली व तेथील संस्थेंतून अवघ्या तीन आठवड्यांची असतां स्थळेकर दांपत्यानें घेतलेली लिसा पुढें ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची कर्णधार झाली, हें सर्वांस माहीत आहे. मात्र तिचें उदाहरण देऊन दोन वर्षांच्या मुलांविषयींहि निश्चिंत राहणारांस आमचें सांगणें, कीं तीन आठवड्यांच्या बाळास मागें टाकावयास फारसें कांहीं नसतें; दोन वर्षांच्या मुलास एक संपूर्ण जग असतें. त्यांत सांभाळणाऱ्या मावशीचा आवाज आहे, पांघरुणाचा वास आहे, मऊ भाताची चव आहे, आणि चाळीस-पन्नास शब्दांची एक भाषा आहे.

आम्ही तर याहून पुढें जाऊन म्हणतों, कीं प्रवास आणि परदेश हे येथें शत्रूच आहेत असें नाहीं. परक्या मुलुखांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मुलास ओळखीचें असें दोनच चेहरे असतात. भूक लागली तरी तेच, पडलें तरी तेच, भ्यालें तरी तेच. लळा लागण्यास याहून अनुकूल जागा कोणती? आमच्या विद्यार्थ्याचें जें बिघडलें तें जर्मनींत नव्हे. तें कन्नडला, आमच्या मांडवांत बिघडलें. ज्या दिवसांत मुलीनें दोन माणसें ओळखावयाचीं त्या दिवसांत आम्हीं तिला सत्तर माणसें दाखविलीं, आणि एका मांडीची संवय लागण्यापूर्वींच सर्व मांड्या सारख्या आहेत असें शिकविलें.

“मग आम्हां आजी-आजोबांस माया नाहीं का?” हा प्रश्न ऐकूं येईल, आणि तो खरा आहे. त्यास उत्तर आमच्याच घरांत आहे. पोटचें मूल जन्मतें तेव्हां बाळंतिणीची खोली निराळी असते; सव्वा महिना तेथें परक्यास मज्जाव असतो, आणि यांत सासरच्यांचा कोणी अपमान मानीत नाहीं. ज्याचा घरांतच जन्म झाला त्यास आम्ही सव्वा महिन्याचा एकान्त देतों. ज्याचें सर्वस्व कालच सुटलें त्याची मात्र मिरवणूक काढतों! दत्तकाचेंहि बाळंतपण असतें, एवढें मान्य केलें म्हणजे झालें. आमचे कायदे करणारेहि हें विसरले. १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यास २०१७ सालीं जी दुरुस्ती झाली, तींत दत्तक घेणाऱ्या आईस बारा आठवड्यांची रजा दिली. पण त्या दुरुस्तीप्रमाणें मूल तीन महिन्यांखालील असेल तरच ती मिळत असे. मूल सोडून देणाऱ्या जन्मदात्यांस फेरविचारासाठींच दोन महिने असतात. तेव्हां तीन महिन्यांखालील मूल कितीकांच्या हातीं येणार होतें? आणि ज्या दोन वर्षांच्या मुलास आईची सर्वांत अधिक गरज, त्याच्या आईनें दुसऱ्या दिवशीं कामावर जावें, हा कोणता न्याय होता?

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें. संस्थांनीं मूल तासाभरांत सह्या घेऊन हवालीं करूं नये. आईबापांनीं त्या गांवीं कांहीं दिवस मुक्काम करावा, रोज जावें, आणि सांभाळणाऱ्या मावशीच्या देखत मुलास भरवावें-निजवावें, म्हणजे मूल एका हातून दुसऱ्या हातीं जाईल, मध्यें पडणार नाहीं. पांघरूण न धुतां बरोबर न्यावें. मुलाचे शब्द लिहून घ्यावे आणि परदेशांतहि कांहीं महिने तेच बोलावे. तेथील भाषा पळून जात नाहीं. जुनें नांव एकाएकीं काढून घेऊं नये. तेवढीच एक वस्तु त्याची स्वतःची आहे. दत्तकानंतर दोन वर्षें अहवाल पाठविण्याचा नियम आहे, त्यांत उंची-वजनाबरोबर मूल रडतांना कोणाकडे धांवतें याचीहि नोंद व्हावी. आणि नातेवाइकांनीं, गुरुजनांनीं व शेजाऱ्यांनीं, म्हणजे आम्हीं, सव्वा महिना नव्हे तर चार-सहा महिने दूर राहून आशीर्वाद द्यावे.

त्या विद्यार्थ्याचें दुसरें पत्र नुकतेंच आलें आहे. त्यानें आमच्या समारंभाविषयीं चकार शब्द काढलेला नाहीं. तो त्याचा सभ्यपणा. पहिल्या पत्रानंतर पतिपत्नींनीं येणें-जाणें बंद केलें, मुलीस जुन्याच नांवानें हांक मारूं लागले, आणि ती बूट घेऊन उठली कीं न रागावतां तिच्याबरोबर दाराशीं बसूं लागले. पांचव्या महिन्यांत एकदां बागेंत ती पडली. जवळच एक शेजारीण होती, तिला ओलांडून ती लांब उभ्या असलेल्या बापाकडे रडत धांवली. तो लिहितो कीं, तें रडणें ऐकून त्यास फार बरें वाटलें. संध्याकाळीं भुर्र संपवून परततांना तिनें आपण होऊन “घरीं” असा शब्द उच्चारला.

पुढील दिवाळींत तीं तिघें कन्नडला येणार आहेत. त्या मांडवांत आम्हीं जें वाक्य उच्चारलें तें येथें जाहीरपणें परत घेतों. यावेळीं आम्ही त्या मुलीस मांडीवर घेणार नाहीं. ती आपण होऊन आली, तर गोष्ट निराळी.