फुकटची ओसरी आणि घरचा सर्व्हर

"लेख फुकटात टाकता येतात, मग स्वतःच्या सर्व्हरचा खटाटोप कशाला?" हा सवाल आम्हाला आमचेच लोक करतात. ज्या फुकटच्या ओसरीवर आम्ही पाच वर्षे लेख मांडले, ती मालकाने एका रात्रीत बंद केली. कारण विचारले तर नियमावलीकडे बोट! कोणता लेख, कोणती ओळ, काही सांगणे नाही. निम्म्या लेखांच्या प्रतीही आमच्याकडे नव्हत्या. पण मालकाला शिव्या देऊन काय उपयोग? जागा त्याचीच होती. ती आपली समजलो, ही चूक आमची.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला आणि पुढे भारत भूषण हा छापखानाही उभारला. पत्राचा वारसा सांगणारे आम्ही छापखान्याचा वारसा मात्र सोयीस्कर विसरलो!

आज त्यासाठी शिशाचे खिळे लागत नाहीत. एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय पुरतो. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये तो ३५ डॉलरला काढला गेला. पाच वॅट वीज धरली तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. आम्ही त्यावर लिनक्स घातले, एनजिनएक्स चढवले, लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र घेतले. (तेही फुकट, आणि डोमेनचे नाव वर्षाच्या भाड्यानेच, हे कबूल!)

घरात साइट उघडली. बाहेरून उघडेना. राउटरमध्ये पोर्ट ८० आणि ४४३ मोकळे केले, तरी नाही. शेवटी राउटरला मिळालेला पत्ता पाहिला. १०० ने सुरू होणारा, पुढे ६४ ते १२७ मधला आकडा. म्हणजे कंपनीने अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कोंबलेली. बाहेरून कोणी आला तर तो कंपनीच्या दारातच अडतो, कारण त्याला कोणत्या घरी पाठवायचे याची नोंदच तिथे नाही. तुम्ही बाहेर जाऊन कितीही आणा, तुमच्याकडे कोणी यायचे नाही! पूर्ण पैसे मोजून आम्ही हे अर्धे इंटरनेट घेत होतो, आणि कनेक्शन देताना कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटी, ते जगाला पुरत नाहीत, हे खरे. पण आयपीव्ही६ मध्ये तुटवडा कुठे आहे? तिथे आमच्या कंपनीचा राउटर बाहेरच्याला अडवतो आणि ती सेटिंग ग्राहकाला उघडू देत नाही. ही टंचाई नव्हे, हा धंदा आहे. स्थिर पत्ता हवा तर महिन्याला वेगळे पैसे! आम्ही वर्गणी काढून भरले.

पुढची अडचण विजेची. दोनदा लाइट गेली आणि मेमरी कार्ड बाद झाले. मग छोटी एसएसडी आणि राउटरसकट चालेल असा बॅटरी बॅकअप घेतला.

एक गोष्ट मात्र उत्साहाच्या भरात विसरू नये. ज्या कार्यकर्त्याला धमक्या येतात, त्याने हे घरी करू नये. आयपी पत्त्यावरून शहराचा अंदाज लागतो आणि कंपनीकडे तर घराचा पत्ताच असतो. म्हणून आमचा बोर्ड आता वस्तीतल्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या कपाटावर आहे. दर रविवारी बारावीतली एक मुलगी सगळ्या लेखांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घरी नेते.