मुलाखतीतला ‘मी’

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमचे गुण सांगा’ एवढ्यावर आता सोडत नाहीत. ‘गटात मतभेद झाले अशा एखाद्या प्रसंगी तुम्ही काय केलेत?’ असे विचारतात. मुलगा गप्प होतो. नोकरीच केलेली नाही, तर प्रसंग आणायचा कोठून?

हा गैरसमज आहे, आणि तो पोसण्यात आम्हां शिक्षकांचाही वाटा आहे. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने महायुद्धकाळातील वैमानिकांच्या अभ्यासातून निर्णायक प्रसंग टिपण्याचे तंत्र घडवले व १९५४ साली ते मांडले. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापन चाचण्या व गुणपत्रिका यांपेक्षा प्रत्यक्ष क्षमता पाहा, असा आग्रह धरला. म्हणजे पाहायचे ते वर्तन. ते पगारी असावे अशी अट त्यात नाही. भित्तिपत्रक, एकांकिकेच्या तालमी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, ‘कमवा व शिका’मधले ग्रंथालयातील तास, हे सारे चालते.

आमच्या एका विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या मेसचा हिशेब वर्षभर ठेवला होता. सरावात ती म्हणाली, ‘आम्ही मेस नीट चालवली.’ संपले! खोदून विचारल्यावर कळले की महिनाअखेरीस पैसे कमी पडत. तिने खरेदीची वही तपासली. भाजी रोज किरकोळ भावाने येते हे तिच्या ध्यानात आले. आठवड्यातून दोनदा मंडईतून आणू, असे तिने सुचवले. दोघींनी विरोध केला, तर पहिल्या खेपेला तिने त्यांनाच बरोबर नेले. तूट निम्म्यावर आली. परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम : सगळे त्यात होते, नव्हता तो ‘मी’. स्वतःचे सांगणे म्हणजे बढाई, हा संस्कार आपल्याकडे खोल आहे. (हा लेखही ‘आम्ही’तच चालला आहे, हे आम्हांस दिसते.)

ज्यांना ‘मी’ची अडचण नसते, ते मार्गदर्शिकेतले तयार उत्तर पाठ करतात. ‘तेव्हा दुसरा पर्याय कोणता होता?’ एवढ्या प्रश्नाने ते कोसळते. अनुभवाच्या प्रामाणिकतेवर वर्षानुवर्षे टिपणे उतरवून घेतलेल्या विद्यार्थ्याने असे करावे, याचे आम्हांस वैषम्य वाटते. त्यापेक्षा पाच-सहा खरे प्रसंग वहीत लिहून काढावेत. त्यांत फसलेला एक तरी असावा, आणि नंतर आपण काय बदलले तेही.

तरीही ही पद्धत आम्हांस निर्दोष वाटत नाही. तालमींना थांबायला सवड लागते. तास संपताच गावची एस. टी. पकडणाऱ्या मुलीला ती नसते. तीच मेसवाली मुलगी सुट्टीत वडिलांचे किराणा दुकान सांभाळते, उधारी वसूल करते. अर्जातील ‘अनुभव’ या रकान्यात मात्र तिने ‘नाही’ असे लिहिले होते, आणि तो अर्ज आम्हीच तपासून दिला होता.