पट्टीवरचा दुसरा आकडा
ब्रिटनमध्ये गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते. तिच्यावर वजनाचे चार आकडे एकाखाली एक: पहिला माणसं-सामानासह भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून, उरलेले दोन पुढच्या-मागच्या आसांचे. पहिला २,००० किलो आणि दुसरा ३,५०० असेल, तर भरलेल्या गाडीमागे जास्तीत जास्त १,५०० किलो जोडता येतात, इंजिनात कितीही दम असो. १६ डिसेंबर २०२१ पासून तिथे साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळ्या परीक्षेशिवाय ओढता येतो, म्हणून ही वजाबाकी आता चालकानेच करायची. रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन पाहून निघणं धोक्याचं. गॅसची टाकी, पाणी, सायकली नंतर चढतात. त्याहून वाईट म्हणजे जड सामान मागच्या टोकाला रचणं. हुकावरचा भार हलका होतो, आणि उतारावर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, गाडीलाच हिसके देतो. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार हुकावर यावा, पण गाडीसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेतच. अनुभवी मंडळी तो घरच्या घरी मोजतात: सपाट जागा, न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर लाकडाचा उभा ठोकळा आणि ठोकळ्यावर ट्रेलरचं नाक.